आधी जॅक, मग मोटर : जुन्या गाडीला विजेचे पॉवर स्टिअरिंग बसवताना

धामणगाव बढेहून मोताळामार्गे बुलढाण्याला जायचे तर वाटेत राजूर घाट लागतो. नव्या गाडीत बसलेल्याला त्या वळणांचे काही वाटत नाही. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा जुनी महिंद्रा जीप चालवणाऱ्याचे खांदे मात्र प्रत्येक वळणाची नोंद ठेवतात. खरी कसोटी तर घाटाच्याही आधी, गावातच लागते. बाजाराच्या दिवशी अरुंद गल्लीतून गाडी मागे घ्यायची असते, कपाशीच्या ट्रॉल्यांमधून वाट काढायची असते आणि जागेवर उभ्या गाडीची चाके वळवायची असतात. वडिलांच्या काळची गाडी घरात आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण स्टिअरिंग जड म्हणून ती कुणी बाहेर काढत नाही, अशी घरे आपल्या भागात बरीच सापडतील.

अशा गाडीला विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग बसवता येते. परदेशात हे काम बऱ्याच वर्षांपासून होते आहे. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये तर जुन्या गाड्यांच्या मॉडेलनुसार तयार किट विकणारे व्यावसायिक आहेत. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा भंगारातून आणलेल्या युनिटवर आणि ओळखीच्या फिटरच्या भरवशावर होते. म्हणूनच कामाला हात घालण्याआधी मालकाने स्वतः काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. स्टिअरिंगमधली चूक रस्त्यावर दुसरी संधी देत नाही.

स्टिअरिंग जड का होते

स्टिअरिंग दोन कारणांनी जड लागते. पहिले कारण भार. पुढच्या चाकांवर इंजिनाचे वजन असते, टायर जमिनीला घट्ट धरून असतो आणि गाडी उभी असताना तो जागच्या जागी घासून वळवावा लागतो. दुसरे कारण घर्षण. किंगपिनचे (पुढचे चाक ज्या पिनेभोवती वळते तिचे) बुश वाळलेले असतात, टाय रॉड एंड गंजलेले असतात, स्टिअरिंग बॉक्समधले तेल संपलेले असते किंवा प्ले (ढिलेपणा) काढण्याच्या नादात कुणीतरी बॉक्स जास्त कसून ठेवलेला असतो.

पॉवर स्टिअरिंग हा पहिल्या कारणावरचा इलाज आहे. दुसऱ्यावर तो लावला तर रोग झाकला जातो आणि वाढतो. अडकणारा किंगपिन मोटरच्या जोरावर वळत राहतो, हाताला काही कळत नाही, आणि एखाद्या दिवशी झिजलेला भाग सुटतो. तेव्हा पैसे मोटरवर घालण्याआधी गाडी जॅकवर घ्या.

अर्ध्या दिवसाची तपासणी

सकाळी गाडी थंड असताना पुढच्या दोन्ही टायरमधली हवा मोजा. हवा कमी असली तर स्टिअरिंग जड होणारच. पद्मिनीला मुळात अरुंद, आडव्या धाग्यांचे टायर येत असत. आता बहुतेकांनी रेडियल घातले आहेत, आणि काहींनी हौसेने रुंदही. रुंद टायर जमिनीला जास्त धरतो. तुमच्या गाडीवर असा टायर असेल तर आधी मूळ मापाजवळचा टायर लावून पाहा. कधी कधी एवढ्यानेच निम्मे दुखणे जाते.

मग पुढची बाजू जॅकने उचलून दोन्ही बाजूंना मजबूत स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. चाके हवेत असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. हवेत ते सहज फिरत असेल आणि जमिनीवर जड लागत असेल, तर दोष भाराचा आहे आणि पॉवर स्टिअरिंगचा विचार योग्य आहे. हवेतही जड असेल, तर दोष घर्षणाचा आहे.

घर्षण कुठे आहे हे शोधायला बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून रॉड सोडवा. आता स्टिअरिंग फिरवले की फक्त कॉलम आणि बॉक्स फिरतात. तेच जड असतील तर कॉलमचे बुश किंवा बॉक्स पाहा. ते हलके असतील तर चाके हाताने धरून डावी-उजवीकडे वळवा आणि किंगपिन कुठे धरतोय ते बघा. किंगपिनला ग्रीस नेहमी चाके हवेत असतानाच मारा. गाडीचे वजन पिनवर असेल तर ज्या बाजूला खरी गरज असते तिथे ग्रीस पोचत नाही. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत पंप मारत राहा. निपल बंद असेल तर बदला, त्याला फार पैसे लागत नाहीत.

बॉक्सच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. वर्म असलेला बॉक्स मधल्या भागात सगळ्यात जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले काढायला स्क्रू कसला की मध्यभाग बरा वाटतो, पण पूर्ण वळणावर बॉक्स अडकू लागतो. असा बॉक्स कसून चालत नाही, तो खोलावा लागतो. प्ले असलेल्या बॉक्सवर मोटर बसवली तर प्ले तसाच राहतो, फक्त तो कमी जाणवतो. हे जास्त धोक्याचे आहे.

ग्रीस, तेल, टायर, बुश आणि शेवटी व्हील अलाइनमेंट, एवढे झाल्यावर गाडी आठवडाभर चालवा. बऱ्याच मालकांना इथेच थांबावेसे वाटेल, आणि त्यांनी जरूर थांबावे.

कोणत्या गाडीला काय जमेल

प्रीमियर पद्मिनी ही मुळात फियाट ११००. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, गाडीचे वजन नऊशे किलोच्या आसपास. एवढ्या वजनाला लहान मारुतीतले युनिट पुरते. विजेच्या पॉवर स्टिअरिंगला सगळ्यात सोयीची जुनी गाडी हीच. अडचण एकच, पण मोठी आहे : बहुतेक पद्मिनींचा गिअर स्टिअरिंगच्या कॉलमवर असतो आणि त्याचा दांडा कॉलमला लागूनच खाली जातो. मोटरचे जाड युनिट मध्ये घुसवताना हा दांडा आडवा येतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता या गाडीच्या सुट्या भागांना वर्षागणिक गिऱ्हाईक कमीच होणार, म्हणून किंगपिन संच, बुश आणि टाय रॉड एंड चांगले मिळत असतील तेव्हाच घेऊन ठेवा.

अॅम्बेसेडरचे स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचे आहे, म्हणजे बॉक्सची भानगड नाही. गाडी मात्र पद्मिनीपेक्षा जड आहे, डिझेल इंजिनची तर आणखीच. तिला थोड्या मोठ्या गाडीचे युनिट लागते. जुन्या मॉडेलमध्ये इथेही गिअर कॉलमवरच आहे.

जीपचा विचार वेगळा करावा. विलीजच्या वंशातल्या जुन्या जीपमध्ये कॅम आणि लिव्हरचा बॉक्स असतो, पुढे अखंड अॅक्सल आणि पाट्याचे स्प्रिंग असतात. त्यावर डिझेल इंजिन बसवलेले असेल आणि रुंद टायर घातले असतील, तर पुढच्या चाकांवरचा भार लहान गाडीच्या मोटरला झेपणारा नसतो. एमएम ५४०, मेजर किंवा कमांडर वापरणाऱ्यांपैकी अनेक जण बोलेरोचा तेलावर चालणारा पॉवर बॉक्स आणि पंप बसवून घेतात, आणि जीपसाठी तो मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. ट्रॅक्टरवरचे पॉवर स्टिअरिंग गावोगाव झाले आहे, त्यामुळे पंप, पाइप आणि सील यांचे काम जाणणारा माणूस तालुक्याला सापडतो. शेतात आणि चिखलात वापरायच्या जीपला विजेची मोटर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग पद्मिनीला तेलाचे स्टिअरिंग का नको? कारण पंप इंजिनावर पट्ट्याने सतत फिरत राहतो. चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाला ते ओझे जाणवते, आणि पंप, पाइप, टाकी यांना जागाही लागते. विजेची मोटर स्टिअरिंग वळवतानाच वीज खाते. रस्ता सरळ असला की ती जवळजवळ गप्प असते.

आतले यंत्र कसे चालते

विजेचे पॉवर स्टिअरिंग कारखान्यातून बसवून आलेली पहिली गाडी म्हणजे १९८८ ची सुझुकी सर्वो. जपानमधली ही चिमुकली गाडी. लहान गाडीत पंपाला जागा नाही आणि इंजिनात वाया घालवायला ताकद नाही, म्हणून हा मार्ग निघाला. पुढे सुझुकीच्याच नात्याने तो आपल्याकडच्या अल्टो आणि वॅगन आर यांच्यात आला, म्हणून आज जुन्या गाडीवाल्यांचा पहिला शोधही याच दोन नावांचा असतो.

या पद्धतीत स्टिअरिंगचा दांडा दोन भागांत असतो आणि मध्ये एक बारीक पीळ खाणारी सळई असते. तुम्ही स्टिअरिंग वळवता, चाके विरोध करतात आणि सळई किंचित पिळते. हा पीळ सेन्सर मोजतो आणि कंट्रोलरला कळवतो. कंट्रोलर त्या प्रमाणात मोटर फिरवतो, आणि मोटरचा जोर वर्म गिअरमधून दांड्यावर येतो. गाडीचा वेग वाढला की मदत कमी केली जाते, म्हणजे हायवेवर स्टिअरिंग हातात पोकळ वाटत नाही. मोटर बंद पडली तरी दांडा सलगच असतो. स्टिअरिंग जड होते, पण गाडी वळते. चांगल्या युनिटची पहिली खूण हीच.

युनिट निवडताना

कुर्ल्याचा भंगार बाजार असो की अकोला-जळगावकडचा एखादा स्पेअरवाला, खरेदीचे नियम सारखेच.

• युनिट अपघातातल्या गाडीचे नसावे. धडकेत कॉलम दबतो. बाहेरून सरळ दिसला तरी आतला सरकणारा भाग आणि ब्रॅकेटच्या तुटणाऱ्या पट्ट्या पाहा.

• पुरात बुडालेल्या गाडीचे युनिट फुकट मिळाले तरी घेऊ नका. कंट्रोलरच्या प्लगमधल्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या तर समजा पाणी आत गेले आहे.

• मोटर, कॉलम आणि कंट्रोलर एकाच गाडीचे, एकत्रच घ्या. कंट्रोलर वेगळ्या मॉडेलचा असला की जुळत नाही.

• प्लगसोबतची वायरिंग हातभर लांब ठेवून कापायला सांगा. प्लगजवळ कापलेली वायर नंतर जोडताना डोकेदुखी होते.

• शक्य असेल तर भंगारात गेलेल्या गाडीतच बॅटरी लावून, युनिट काढण्याआधी चालू करून पाहा. स्टिअरिंग मोकळे सोडल्यावर ते आपोआप एका बाजूला जाऊ लागले, तर सेन्सर बिघडलेला आहे.

• कोणत्या गाडीचे, कोणत्या वर्षाचे युनिट आहे ते बिलावर लिहून घ्या. बिल नसेल तर माल घेऊ नका. चोरीच्या मालाची जबाबदारी घेणाऱ्यावरही येते.

आता प्रश्न सिग्नलचा. अनेक युनिटना इंजिन चालू आहे आणि गाडी किती वेगात आहे, या दोन्ही गोष्टींचा विद्युत सिग्नल लागतो. पद्मिनीचा वेगकाटा केबलवर चालतो, तिच्यात असा सिग्नलच नाही. नवीन गाड्यांचे काही कंट्रोलर तर सगळ्या गाडीशी एकाच डेटा तारेवर बोलतात आणि ओळखीची गाडी न दिसल्यास काम करत नाहीत. ते आपल्या कामाचे नाहीत. साध्या सिग्नलवर चालणारे जुने युनिट घ्या. इंजिनाचा सिग्नल इग्निशन कॉइलकडून मिळवता येतो. वेगाच्या सिग्नलसाठी वेगकाट्याच्या केबलवर बसणारा पल्स सेन्सर लावता येतो.

युरोपात ओपेल, म्हणजे ब्रिटनमधली व्हॉक्सहॉल, हिच्या कोर्सा गाडीचे कॉलम या कामासाठी लोकप्रिय झाले, कारण सिग्नल मिळाला नाही तरी ते एका ठरावीक मध्यम मदतीवर चालत राहतात. त्यासोबत मदत कमी-जास्त करायचा छोटा नॉब मिळतो. असा नॉब लावलात तर तो डॅशच्या आत, सहज हात न पोचणाऱ्या जागी ठेवा. चालत्या गाडीत लेकराने नॉब फिरवला आणि हायवेवर स्टिअरिंग अचानक हलके झाले, तर चालक भांबावतो. आणि मदत कमीच ठेवा. जुन्या बॉक्सचे दात माणसाच्या हाताच्या जोरासाठी बनवलेले आहेत, मोटरच्या पूर्ण जोरासाठी नाहीत.

कॉलम, क्रॉस आणि ब्रॅकेट

मूळ कॉलमला करवत लावू नका. जुन्या काही गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा आणि बॉक्समधला वर्म एकाच तुकड्याचे असतात. दांडा कापला की मागे फिरायची वाट बंद. तशीच गाडी असेल तर भंगारातून दुसरा कॉलम बॉक्ससह आणा, तो कापा, आणि मूळ कॉलम तेल लावून, गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढे गाडी विकताना, रॅलीत नेताना किंवा आरटीओने हरकत घेतली तर तोच उपयोगी पडेल.

युनिट बसवायच्या दोन जागा आहेत, डॅशच्या खाली किंवा बोनेटच्या आत कॉलमच्या खालच्या टोकाला. गिअर कॉलमवर असेल तर खालची जागा कधी कधी सोपी पडते, पण तिथे इंजिनाची उष्णता आणि पावसाचे पाणी दोन्ही असतात. डॅशखालचे युनिट तिथल्या धुळीपाण्यासाठी बनवलेले नसते. म्हणून शक्यतो डॅशखालचीच जागा पकडा. तिथे गिअरचा दांडा आडवा येत असेल, तर कॉलम गिअर कसा सांभाळायचा याचे चित्र कागदावर काढून फिटरशी चर्चा करा आणि मगच खर्च करा. काही जण गिअर खाली जमिनीवर आणतात. त्याने गाडीचे मूळपण आणखी जाते, हे आधी मान्य करा.

दांडे जोडताना वेल्डिंग हा शेवटचा पर्याय. बुलढाणा, मलकापूर, खामगाव इथल्या चांगल्या लेथवाल्याकडून खाचांचा म्हणजे स्प्लाइनचा जोड करून घ्या आणि त्याला आरपार बोल्ट द्या. वेल्डिंग करावेच लागले तर आत स्लीव्ह घालून, अशा कामात मुरलेल्या माणसाकडूनच करा. गेट आणि ग्रील जोडणाऱ्याच्या वेल्डिंगवर आपला जीव टांगू नका.

दांडे कोनात जोडायला दोन क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) वापरले तर दोन्हींचे कान एका रेषेत आणि दोन्हींचे कोन सारखे हवेत. नाहीतर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा हलके आणि दोनदा जड होते. कोन मोठा असेल तर मधल्या दांड्याला बेअरिंगचा आधार द्या.

ब्रॅकेटकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. मोटर दांड्याला ज्या जोराने वळवते, त्याच जोराने ती स्वतः उलट दिशेला फिरू पाहते. हा उलट जोर ब्रॅकेटने झेलायचा असतो. पातळ पत्र्याच्या डॅशला दोन स्क्रूंनी लटकवलेले युनिट महिनाभरात पत्रा फाडते. मागून जाड पट्टी द्या, आणि ब्रॅकेट बॉडीच्या मजबूत भागाला, निदान चार बोल्टने धरा. बोल्ट हाय टेन्साइलचे, नायलॉन नटसह.

छोट्या पण जिवाच्या दोन गोष्टी. युनिटवर मूळ गाडीचे स्टिअरिंग लॉक असेल आणि तुम्ही त्याची चावी वापरणार नसाल, तर लॉकची पिन पूर्णपणे काढून टाका. ती चालत्या गाडीत बसली तर चाके तिथेच अडकतील. दुसरे, बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नची तार पोकळ दांड्यातून जाते. तिची नवी वाट आधीच ठरवा. स्टिअरिंग चाक मूळचेच, मोठ्या व्यासाचे ठेवा. मोटर बंद पडली तर तोच व्यास तुमच्या कामी येतो.

बॅटरी, डायनामो आणि तारा

लहान गाडीचे युनिट उभ्या गाडीत चाके वळवताना ३० ते ४० अँपिअरपर्यंत करंट ओढू शकते. १२ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे ४८० वॅट. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण १२० वॅट घेतात. म्हणजे स्टिअरिंगचा एक जोराचा झटका चार जोड हेडलाइटइतका असतो, काही क्षणच, पण असतो. जुन्या गाडीतला डायनामो धावत्या गाडीत वीस-बावीस अँपिअर देतो आणि आयडलवर जवळजवळ काहीच नाही. नेमक्या आयडलवरच, पार्किंगमध्ये, स्टिअरिंगला सगळ्यात जास्त वीज हवी असते. हिशेब इथेच फसतो.

तेव्हा डायनामोच्या जागी अल्टरनेटर आधी, पॉवर स्टिअरिंग नंतर. अल्टरनेटर लावताना जुना कट-आउट काढला जातो, हे ऑटो इलेक्ट्रिशियनला माहीत असते. तरी विचारून खात्री करा. बॅटरी चांगली हवी. ६ व्होल्टच्या गाडीला हे युनिट थेट चालत नाही. जुन्या ब्रिटिश वंशाच्या काही गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. अशा गाडीला आधी निगेटिव्ह अर्थ करून घ्या, नाहीतर कंट्रोलर पहिल्याच जोडणीत जळेल.

मुख्य तार बॅटरीपासून थेट युनिटपर्यंत न्या. जुन्या फ्यूज पेटीतून घेऊ नका, ती एवढ्यासाठी नाही. निदान १० चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्या. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ आणि युनिटच्या मूळ गाडीत होता तेवढ्याच अँपिअरचा. अर्थची तार तितकीच जाड, रंग खरवडून थेट लोखंडाला. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थची पट्टीही बदला. चावी बंद केली की युनिट बंद झाले पाहिजे, त्यासाठी रिले लावा. तारा पॅडलपासून आणि गिअरच्या दांड्यापासून लांब बांधा. युनिटचा इशारा देणारा दिवा डॅशवर नजरेसमोर हवाच.

पहिली चाचणी

पहिल्यांदा वीज द्याल तेव्हा पुढची चाके हवेत असू द्या आणि हात चाकाच्या आऱ्यांमध्ये घालू नका. मोटरची किंवा सेन्सरची तार उलट लागली असेल तर स्टिअरिंग हिसका देऊन फिरू शकते. सगळे शांत असेल तर हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. कुठे घासते, अडकते का ते पाहा. दोन्ही बाजूंना सारखाच जोर लागला पाहिजे. एका बाजूला जास्त हलके असेल तर सेन्सरचा शून्य बिंदू सरकला आहे, तो ठीक केल्याशिवाय गाडी जमिनीवर आणू नका.

मग मोकळ्या मैदानात किंवा कापणी झालेल्या शेताच्या कडेला गाडी चालवा. वळणानंतर स्टिअरिंग सोडल्यासारखे केल्यावर ते आपोआप सरळ यायला हवे. येत नसेल तर मदत कमी करा किंवा अलाइनमेंटमध्ये कॅस्टर तपासा. कमी वेगात फ्यूज काढूनही चालवून पाहा, म्हणजे मदत गेली तर हाताला किती जोर लागेल हे आधीच कळेल. घरात जो जो ही गाडी चालवणार त्याने हे करून पाहावे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा. त्यानंतरच राजूर घाट.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे घेतली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने मान्यताप्राप्त भागांच्या बसवणुकीला वाट ठेवली, पण परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेवली. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायची तरतूद कायद्यात स्वतंत्र आहे. खांद्याच्या किंवा हाताच्या व्यंगामुळे हे काम करायचे असेल, तर वैद्यकीय कागद घेऊन त्या मार्गानेच जा.

म्हणून काम सुरू करण्याआधी बुलढाण्याच्या आरटीओ कार्यालयात, म्हणजे आपल्या एमएच-२८ च्या दारात, लेखी अर्ज द्या. कोणते युनिट, कुठे बसणार, मूळ भाग कसे राखणार हे लिहा, आणि पोच घ्या. विक्रेता किट ‘एआरएआय मान्य’ आहे म्हणाला तर पुण्याच्या त्या संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि तुमच्या मॉडेलचे नाव त्यात आहे का ते पाहा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते. त्या तपासणीत स्टिअरिंग पाहिले जातेच. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका वर येतो.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी विचार करा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा बिगर-व्यावसायिक गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्या गाडीला वर्षातून मोजकेच फिरायचे आहे तिला मोटर लावून तिचे मूळपण घालवण्यात अर्थ नाही. ग्रीस, चांगले टायर आणि सोबतीला एक तरणा भाऊ पुरेसा आहे.

बसवल्यानंतर

मोटर आहे म्हणून उभ्या गाडीत चाके गरागरा वळवायची सवय लावून घेऊ नका. गाडी इंचभर हलू द्या आणि मग वळवा. टायर, बॉक्स आणि बॅटरी तिघेही जास्त टिकतात. स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन दाबून धरू नका, मोटर तापते. इशारा दिवा लागला तर गाडी हळू चालवत घरी आणा, फ्यूज मोठ्या अँपिअरचा घालून पाहू नका. आणि किंगपिनला ग्रीस पूर्वीसारखेच वेळच्या वेळी मारत राहा. आता हात तक्रार करणार नाहीत, त्यामुळे तारीख डायरीतच लिहावी लागेल.

पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर रोज वापरायची असेल, पुढची बाजू निरोगी असेल, अल्टरनेटर लावायची आणि आरटीओत कागद करायची तयारी असेल, तर विजेचे पॉवर स्टिअरिंग जरूर बसवा. यातली एकही गोष्ट कमी असेल तर थांबा, तेच पैसे किंगपिन, टायर आणि बॉक्सवर घाला, आणि मूळ कॉलम काही झाले तरी भंगारात देऊ नका.